जुन्या गोव्यातला आर्चबिशपचा वाडा: सोलापूरहून अभ्याससहल, तिथे नेमकं काय पाहायचं?

काळापाषाण_सोलापूर

नमस्कार. सोलापूरच्या वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन जुन्या गोव्याला जायचं ठरतंय. चर्चवर लिहिलेलं भरपूर सापडतं. मला हवा आहे तो से कॅथेड्रलला लागून असलेला आर्चबिशपचा जुना वाडा. मुलांचे डोळे भुईकोट किल्ला, काळ्या दगडाची जोती आणि माळवदाची घरं यांना सरावलेले आहेत. जांभ्याची, गिलावा केलेली, उतरत्या छपराची इमारत त्यांनी मापून काढलेली नाही. तीन गोष्टी विचारतो: घर चर्चला इतकं खेटून का? दगडी कोरीवकाम जवळजवळ नाही, ते गरिबीमुळे की मुद्दाम? आणि शिडी किंवा मचाण न लावता एका दिवसात मापं कशी घ्यायची?

पडवी

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण नकाशा त्यावरच उभा आहे.

ज्या चर्चमध्ये बिशपचं अधिकृत आसन असतं ते कॅथेड्रल. त्यामुळे बिशपचं घर त्याच्या शेजारी असणं युरोपात जुनंच होतं. त्यात कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५६३ मध्ये बिशपांना आपल्याच धर्मप्रांतात (म्हणजे आपल्या अधिकाराखालच्या प्रदेशात) राहण्याची सक्ती पुन्हा ठणकावून सांगितली. गोव्याचं कॅथेड्रल साधारण त्याच वर्षांत सुरू झालं (१५६२ हे साल बहुतेक ठिकाणी दिलेलं असतं). गोवा १५३४ मध्ये धर्मप्रांत झाला आणि १५५७ मध्ये आर्चबिशपचं पीठ. पहिले आर्चबिशप गास्पार द लेआंव. गोव्याची पहिली प्रांतीय धर्मसभा १५६७ ची, म्हणजे बांधकाम चालू असतानाची.

मुलांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: हे नुसतं राहतं घर नव्हे. धर्मपीठाची कचेरी, लग्न-वारसाचे धार्मिक खटले, पाद्र्यांच्या नेमणुका, दप्तर, पाहुणे, सगळं इथूनच चाले. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस १६०७ ते १६०९ या काळात पोर्तुगीज हिंदुस्थानचे हंगामी गव्हर्नरही होते, म्हणजे राजसत्तासुद्धा काही काळ याच पदाशी येऊन मिळाली. आपल्याकडच्या देशमुखी वाड्यात सदर आणि आतला चौक जसे वेगळे असतात, तसा फरक इथे शोधा: परका माणूस कुठपर्यंत येतो, त्याला कुठे बसवतात, वर कुणाला सोडतात. जिन्याची रुंदी आणि पहिल्या टप्प्यावरचा उजेड याचं उत्तर देतात. तळमजला सामान, नोकर आणि रखवालीचा; मानाच्या खोल्या वरच्या मजल्यावर, कारण तिथे वारा लागतो आणि जमिनीची ओल पोचत नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात. रोगराईने शहर ओस पडत गेलं. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली आणि आर्चबिशपही पुढे पणजीतल्या आल्तिनोच्या टेकडीवर राहायला गेले. म्हणून जुन्या गोव्याचा वाडा आणि आल्तिनोचा वाडा अशा दोन इमारती आहेत. मुलं हमखास गोंधळतात. पोप जॉन पॉल दुसरे १९८६ मध्ये आले तेव्हा उतरले तो आल्तिनोचा.

चुनखडी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गरिबी नाही. मुद्दाम साधं ठेवलं असंही फारसं नाही. उत्तर जांभ्यात आहे.

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने चिरे पाडता येतात. हवा लागली की तो कडक होतो. पण तो सच्छिद्र आहे आणि दाणा एकसारखा नाही, त्यामुळे बारीक नक्षीची कड टिकत नाही, पाकळी कोरायला घेतली तर तुटते. ताकदही बेताची: भारतीय मानकात जांभ्याच्या चिऱ्याला किमान दाबशक्ती चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटन धरली आहे. आपला काळा पाषाण याच्या कित्येक पटींनी वरचा. म्हणून भिंती जाड, दारं-खिडक्या कमी, आणि सजावट गिलाव्यात, लाकडात किंवा रंगात. कोरीव दगड हवाच असेल तर बाहेरून आणायचा. जवळच्याच बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागावरचा कोरीव काळा दगड वसईकडून आणलेला आहे. तोही दख्खनच्या लाव्ह्याचाच, म्हणजे तुमच्या भुईकोटाचा भाऊबंद. मुलांना तिथे उभं करून हा दगड दाखवा आणि मग वाड्याच्या साध्या भिंतीकडे वळवा. अर्धा धडा तिथेच होतो.

दुसरा अर्धा गिलाव्याचा. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सोलापूरच्या कितीतरी पट. आपल्याकडे पांढऱ्या मातीचं माळवद चालतं, कारण पाऊस बेताचा आणि मध्ये वाळायला वेळ मिळतो. तिथे ते एका पावसाळ्यात खचेल. म्हणून तीव्र उताराचं कौलारू छप्पर आणि भिंतीला चुन्याचं आवरण. हे आवरण शोभेचं नाही, ते झिजण्यासाठीच असतं: चुना झिजतो, जांभा वाचतो. बॉम जेझूचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला. आज लालसर उघडा जांभा लोकांना "अस्सल जुना" वाटतो, पण बांधणाऱ्यांनी तो तसा ठेवलाच नव्हता, आणि उघडा पडल्यापासून तो पावसाने झिजतो आहे. से कॅथेड्रल आणि वाडा पांढरे का, हे त्या एका भिंतीसमोर समजतं.

दुरुस्तीत काय बिघडतं तेही दाखवा. सिमेंटचा गिलावा जांभ्याला मारला की आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते. पाणी जोत्यातून वर चढतं, क्षार गिलाव्यामागे साठतात, आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्याचा पापुद्रा चिऱ्याची वरची कातडी घेऊनच सुटतो. बोटाने टकटक करायची, पोकळ आवाज आला की नोंद. चुन्याचं काम करताना भिजवलेला चुना निदान काही आठवडे पाण्याखाली मुरवायचा, एक भाग चुन्याला अडीच ते तीन भाग धुतलेली वाळू, ओल असेल तिथे थोडी विटांची सुरकी (भुकटी). थर दहा-बारा मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि वरचा थर खालच्यापेक्षा कमकुवत हवा, उलट झालं की तडे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळू घट्ट होतो, म्हणून ओलं गोणपाट लावून सावलीत सांभाळावं लागतं. भर उन्हात मारलेला चुना भुकटी होतो.

काळापाषाण_सोलापूर

दगडाचा हा धागा फार कामाचा आहे. खिडक्यांचं काय? काचेऐवजी शिंपले म्हणतात ते हेच ना?

चुनखडी

हो. पातळ, चपट्या शिंपल्यांचे चौकोन कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवतात. उजेड दुधाळ येतो, उन्हाची झळ येत नाही. पट्टी कुजली की शिंपला गळतो, म्हणून बिघाड शोधायचा तो खालच्या खाचेत, जिथे पाणी थांबतं. नवे शिंपले मिळवणं सोपं नाही, हा जीव आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. कौलांबाबत एक सूचना: मंगलोरी कौल दिसलं तर ते १८६५ नंतरचं, कारण कारखानाच तेव्हा सुरू झाला. त्याआधी हाताने घडवलेली नळीची कौलं. आजचं छप्पर पाहून मूळ बांधकामाचा काळ ठरवू नका.

ओळंबा

मापांविषयी. शिडीची गरज नाही.

मजल्याची उंची हवी असेल तर जिन्याच्या पायऱ्या मोजा, चार-पाच पायऱ्यांची उंची घेऊन सरासरी काढा आणि गुणा. भिंतीची जाडी खिडकीच्या कोनाड्यात घ्या, दोन्ही बाजूंचा गिलावा वेगळा लिहा. खोल्या काटकोनात आहेत असं कधीच गृहीत धरू नका. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्या, नाहीतर घरी आल्यावर नकाशा जुळत नाही. एका भिंतीवरची मापं तुकड्यातुकड्यांनी न घेता टेपचा शून्य एका कोपऱ्यात धरून सलग वाचा, चूक साठत जात नाही. फोटो भिंतीला समोरासमोर, मध्ये मीटरची पट्टी उभी.

वाडा आणि कॅथेड्रल जिथे भेटतात तो सांधा एका गटाला वेगळा द्या. दोन्हीकडे गिलावा एकसंध आहे की मध्ये रेघ किंवा तडा आहे, जमिनीची पातळी बदलते का, छपराचं पाणी कुणाच्या भिंतीवर उतरतं. दोन बांधकामं वेगळ्या वेळची असतील तर तिथेच कळतं, आणि ओलही तिथूनच शिरते. कॅथेड्रलचा समोरून उजवीकडचा मनोरा १७७६ मध्ये पडला आणि पुन्हा बांधला नाही, तेव्हा आजची समोरची बाजू मूळ आराखडा म्हणून काढू नका. दोन मनोरे गृहीत धरून तुटक रेषा मारा.

दारावर किंवा भिंतीवर बिशपांची कोरलेली मानचिन्हं (ढाल, तिच्यावर टोपी, टोपीला लोंबणारे गोंडे) दिसली तर टोपीच्या गोंड्यांकडे पाहा. बिशपला दोन्ही बाजूंना सहा-सहा, आर्चबिशपला दहा-दहा. ढालीमागचा क्रूस आर्चबिशपचा दोन आडव्या दांड्यांचा. मात्र हे आकडे नंतर पक्के झाले. सतराव्या शतकातल्या कोरीवकामात गोंडे कमीजास्त सापडतात, त्यामुळे फक्त गोंड्यांवरून पद ठरवणं धोक्याचं. ढालीवरची चिन्हं आधी काढून घ्या.

पडवी

मुलांना आपल्या भागाशी जोड हवी असेल तर दोन धागे देतो. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवा घेतला तो आदिलशाहीकडून. त्याच आदिलशाहीला सोलापूरचा किल्ला चांदबीबीच्या लग्नात आंदण म्हणून निजामशाहीकडून मिळाला, तोही कॅथेड्रल सुरू झालं त्याच सुमारास. वाटेत विजापूर लागतंच, तिथल्या चुन्याच्या गिलाव्याशी तुलना करा. दुसरं, सोलापूरचे कॅथलिक पुणे धर्मप्रांतात येतात. तो १८८६ मध्ये झाला, पहिले बिशप बेर्नार्ड बायडरलिंडन, जर्मन जेझुइट (येशूसंघाचे पाद्री). गोव्यातली घडण पोर्तुगीज राजाच्या आश्रयाची, पुण्याची थेट रोमच्या मिशनची. दोन्हीकडचं बिशपचं घर एकाच पठडीत बसवू नका.

परवानगीचं आधी बघा. चर्च पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत, तिपाई लावून फोटो काढायला लेखी परवानगी लागते. वाड्यासाठी आर्चडायोसिसच्या (आर्चबिशपच्या धर्मप्रांताच्या) कचेरीला मुलांची यादी आणि काय मापणार ते लिहून पाठवा. २४ नोव्हेंबरपासून सेंट फ्रान्सिस झेवियरच्या ३ डिसेंबरच्या सणापर्यंत नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) असते, त्या दिवसांत टेप उलगडायलाही जागा मिळणार नाही. जानेवारीचा दुसरा आठवडा धरा, आणि ओलीच्या खुणा पाहायच्या असतील तर पावसाळा सरल्यावर लगेच, ऑक्टोबरात.