मदत हवी आहे: रिझर्व्ह बँकेच्या सोन्याचा कार्बन हिशोब कसा मांडायचा?

रिझर्व्ह बँकेच्या गंगाजळीतल्या सोन्याच्या हवामान जोखमीवर टिपण करायचं आहे. मार्च २०२५ अखेर साठा ८७९.५८ टन. वर्ल्ड गोल्ड कौन्सिल या सोनेउद्योगाच्या संघटनेच्या २०१९च्या अहवालात सोनेउद्योगाचं वार्षिक उत्सर्जन सुमारे १२.६ कोटी टन आहे. खाणींतून वर्षाला साधारण ३,५०० टन सोनं निघतं, म्हणजे टनामागे ३६,००० टन कार्बन (कार्बन डायऑक्साइडच्या मापात). त्याने साठ्याला गुणलं की ३.१७ कोटी टन येतात. हा आकडा दरवर्षी दाखवायचा का? तिजोऱ्यांच्या जागेची जोखीम कशी धरायची?

प्रतिसाद १
दरवर्षी मुळीच नको. उत्सर्जन खाणीत एकदाच होतं. नंतर लगड (सोन्याची वीट) तिजोरीत पडून राहते, तिला वीज लागते ती पहारा आणि वातानुकूलनापुरती. साठा आणि वर्षभराची भर वेगळी करा. मार्च २०२४ला साठा ८२२.१० टन होता, म्हणजे भर ५७.४८ टनांची, तिचे जास्तीत जास्त २०.७ लाख टन. 'जास्तीत जास्त' हा शब्द टिपणात ठेवाच, कारण जगाच्या पुरवठ्यातला सुमारे पाव हिस्सा मोडीच्या सोन्याचा असतो आणि ते गाळायला खाणीच्या मानाने फारच कमी ऊर्जा लागते.

जुन्या वर्षांचा हिशोब करताना २००९मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून घेतलेले २०० टन अशा भरीत कधीच धरू नका. ते सोनं नाणेनिधीकडे अनेक दशकं पडून होतं. मालक बदलला, नवी खाण खणली गेली नाही.

धागाकर्ता
लगडीवरून ती खाणीची की मोडीची हे कळतं का?

प्रतिसाद १
नाही. सुमारे ४०० ट्रॉय औंसांच्या (साधारण साडेबारा किलो), किमान ९९५ टंचाच्या (हजारात ९९५ भाग शुद्ध) लगडीवर क्रमांक, रिफायनरीची मोहोर, टंच आणि वर्ष असतं. पण जुनी लगड पुन्हा गाळली की वर्ष नवं होतं. त्यामुळे यादीतल्या वर्षावरून खाणकामाचा काळ ठरवला तर हिशोब फसतो. रिफायनरीकडच्या कच्च्या मालाच्या नोंदी मागवाव्या लागतात.

प्रतिसाद २
एक महत्त्वाचं राहतंय. फक्त कार्बन मोजला तर हाताने चालणाऱ्या छोट्या खाणी स्वच्छ दिसतील, कारण त्यांचं डिझेल कमी. पण तिथे सोनं वेगळं करायला पारा वापरतात, आणि माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी सुमारे ३८ टक्के पारा याच खाणकामातून जातो, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०१८चा अंदाज आहे. पाऱ्यासाठी वेगळा रकाना हवाच. तो कार्बनच्या आकड्यात मिसळू नका.

जागेचं म्हणाल तर पाण्याने सोन्याचं काही बिघडत नाही. बिघडतात ती वीज, लिफ्ट, अलार्म, वजनकाटे आणि कागदी नोंदी. देशातलं सोनं मुंबई आणि नागपूरला असतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला होता. नागपूरलाही सप्टेंबर २०२३मध्ये पूर आला. म्हणून तळघराच्या पातळीपेक्षा 'किती दिवस सोन्यापर्यंत पोचता येणार नाही' हा प्रश्न धरा. मार्च २०२५ला ५११.९९ टन देशात, ३४८.६२ टन बँक ऑफ इंग्लंड व बीआयएस (बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स) यांच्याकडे होते, उरलेलं सुवर्णठेवींत. ठिकाणागणिक वेगळी ओळ करा, सरासरी काढू नका.

धागाकर्ता
आभार. पाऱ्याचा रकाना घेतो आणि ३.१७ कोटींची ओळ खोडतो.