ठिबकच्या कंट्रोलरचे पल्स कुठे गळतात?

केळीवाला, रावेर: ठिबकसाठी एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलर चिपवर (७२ मेगाहर्ट्झ) घरीच कंट्रोलर बांधलाय. पाण्याच्या मीटरचा दर २० मिलिसेकंदांना एक पल्स येतो, तो इंटरप्टमध्ये (चालू काम थांबवून लगेच चालणारा कोड) मोजतो. सेकंदाला ५० हवेत, भरतात ४९, कधी ४८. बाबा म्हणतात, पाणी मोजतोस का सोनं? पण कोड तर मायक्रोसेकंदांत संपतो!

जळगावकर: संपतो हे मोजलंस का मानलंस? टायमरच्या इंटरप्टमध्ये सिरियलवर काही छापतोस?

केळीवाला: हो, सेकंदाला एक ओळ. ४५ अक्षरं, ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट).

जळगावकर: मग तिथंच गळतंय भो! एका अक्षराला १० बिट, म्हणजे १.०४ मिलिसेकंद. ओळीला जवळपास ४७. दोन्ही इंटरप्टची प्रायॉरिटी सारखी असेल, तर तेवढ्यात आलेल्या दोन-तीन पल्सपैकी एकच पेंडिंग राहतो, बाकीचे हरवतात. छपाई मेन लूपमध्ये टाक.

धुळ्याचा: आधी बघ तरी. इंटरप्टच्या सुरुवातीला एक मोकळी पिन हाय, शेवटी लो, आणि स्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) लाव. नाहीतर चिपमधल्या डीडब्ल्यूटीचा सायकल काउंटर (घड्याळाचे ठोके मोजणारा) वाच. ७२ मेगाहर्ट्झला तो साधारण ५९.७ सेकंदांनी शून्यावर येतो. सरासरी काढत बसू नको, सगळ्यात मोठा आकडा धर.

केळीवाला: सावद्याच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे जुना स्कोप मिळाला. पिन ४५ मिलिसेकंद वर! छपाई हलवली, आता ५० भरतात.