मदत हवी आहे : बाबांची सिलोस्टाझोल आणि पित्ताची गोळी

बाबा ६८ वर्षांचे, जुनी शुगर, सिगारेट आत्ता कुठे सुटलीय. थोडं चाललं की पोटऱ्या भरून यायच्या, थांबलं की दोन मिनिटांत बरं. आम्ही वर्षभर संधिवात समजून तेल चोळत बसलो! डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचं निघालं. डॉक्टरांनी सिलोस्टाझोल १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा दिली, जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी.

घोळ असा, की बाबा रोज सकाळी ओमेप्राझोल (पित्ताची गोळी) घेतात, आणि ते सांगायचं राहिलं. त्याने सिलोस्टाझोलचा परिणाम वाढतो, म्हणून सिलोस्टाझोलचा डोस ५० मिग्रॅ दिवसातून दोनदा असा कमी करतात, असं माहितीपत्रकात आहे. चार दिवस त्यांचं डोकं दुखतंय, छातीत धडधडतंय. हार्ट फेल्युअर असेल तर ही गोळी चालतच नाही, आणि बाबांचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) कधी झालेलाच नाही. ॲस्पिरिनही चालू आहे.

मनाने डोस बदलणार नाही, आत्ताच डॉक्टरांना फोन लावतोय. इकोशिवाय अजून काय विचारू? कुणाच्या घरी ही गोळी चालू आहे का? डोकेदुखी किती दिवसांत गेली? पित्ताची गोळी बदलून मिळाली का?

(लसूण-दालचिनीचे काढे नकोत, आत्या रोज पाठवतेय.)