मालगुजारी वगळून मालमत्ता कायदा?

कायद्याचा इतिहास परीक्षेपुरता वाचावा, मालमत्तेसाठी १८८२चा हस्तांतरण अधिनियम पुरे, हे मत पटलं नाही. निदान नागपुरात शिकणाऱ्यांसाठी तरी नाहीच. तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता; त्या राज्याच्या १९५०च्या कायद्याने मालगुजारांचे (गावाचा सारा वसूल करून सरकारला भरणाऱ्या जमीनमालकांचे) मालकी हक्क शासनाकडे गेले; १९५६मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, तरी जुन्या नोंदींचं महत्त्व संपलं नाही. भंडारा-गोंदियाचे मामा तलाव घ्या (मामा म्हणजे माजी मालगुजारी). त्यातल्या सिंचनावर, मासेमारीवर गावाचा परंपरागत हक्क काय, हे वाजिब-उल-अर्जात (गावातल्या रूढी-हक्कांच्या नोंदीत) सापडतं. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही कलम १६५ त्याचंच आहे! निस्तारपत्रकासाठी (चराई, सरपण अशा गावाच्या सामायिक वापराच्या नोंदीसाठी) कलम १६१ बघा. विद्यार्थ्यांनो, भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन ही कागदपत्रं एकदा प्रत्यक्ष वाचाच.