काळ्या मातीत जॅक दबला आणि गाडी घसरली. माझं नेमकं कुठं चुकलं?

केजरोड_शिक्षिका

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईत राहते आणि केज तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर शिकवते. रोजचं येणं-जाणं आमच्या छोट्या पेट्रोल गाडीनंच. चार वर्षं चालवतेय, पण स्टेपनी बदलायची वेळ कधी आली नव्हती. मागच्या मंगळवारी आली.

शाळा सुटल्यावर निघालो. सोबत आमच्या शाळेतल्या एक मॅडम होत्या, त्यांना सहावा महिना आहे. लोखंडी सावरगावच्या अलीकडं पुढचं डावं चाक बसलं. मागून ट्रक येत होते, म्हणून घाबरून गाडी डांबरावरून खाली, साइडपट्टीच्याही पलीकडं घेतली. आदल्या रात्री चांगला पाऊस झाला होता आणि खाली सगळी काळी माती. वरून सुकलेली दिसत होती.

हँडब्रेक ओढला. मॅडमना गाडीतच बसू दिलं, बाहेर चिखल होता म्हणून. जॅक लावला आणि फिरवायला घेतला. आधी वाटलं गाडी वर येतेय. मग लक्षात आलं की जॅकच खाली चाललाय. तरी फिरवत राहिले. चाक जमिनीवरून जेमतेम सुटलं. पाना लावून नट ओढला तर नट सुटेना, चाकच गरगर फिरायला लागलं. एका हातानं चाक धरलं, दुसऱ्या हातानं जोरात हिसका दिला. जॅक डावीकडं कलला आणि गाडी धाडकन खाली आली. चाक अजून जागेवर होतं म्हणून गाडी चाकावरच आदळली. माझा हात त्याच्या क्षणभर आधी चाकाच्या खालच्या बाजूला होता.

शेजारच्या रानातले एक काका धावत आले. "काय करायलात ताई? हितं गाडी उचलायची न्हाई, खाली समदी लोणी हाय," म्हणाले. आधी मॅडमना खाली उतरवलं, लांब बांधावर बसवलं. मग मला त्याच बसलेल्या चाकावर गाडी हळूहळू शंभर-दीडशे फूट पुढं, पुलाजवळच्या मुरमावर घ्यायला लावली. आखाड्यावरून एक फळी आणली, ती जॅकखाली घातली. नट त्यांनी पान्यावर पाय देऊन सोडवले. वीस मिनिटांत काम झालं. पैसे घेतले नाहीत, पाणी मात्र त्यांनीच आम्हाला पाजलं.

त्या रात्री झोप लागली नाही. माझं काय काय चुकलं ते मला नीट समजून घ्यायचंय. जॅक नेमका कुठं लावायचा? चाक का फिरत होतं? आणि माझं वजन 52 किलो आहे, पाना माझ्यानं हललाच नाही. एकटीनं हे काम होतं का? होत असेल तर मला शिकायचंय. तो रस्ता रोजचा आहे.

---

एसटीवाला_लातूर

ताई, आधी हात शाबूत आहे याबद्दल देवाचे आभार. मी एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक म्हणून 31 वर्षं काढली आणि जॅकवरून घसरलेल्या गाड्या डोळ्यांनी बघितल्यात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली चूक जागेची, आणि बाकीच्या तिच्यातनं निघाल्या. आपली काळी माती वरून वाळते, पापुद्रा धरते आणि चार बोटं खाली तशीच ओली राहते. गाडीसोबत मिळणाऱ्या कात्री जॅकचा तळ असतो हाताच्या पंजाएवढा. तेवढ्यावर गाडीच्या एका कोपऱ्याचं दोन-अडीचशे किलो वजन येतं. रुततोच तो. आणि कधीच सरळ रुतत नाही, एका कडेनं रुतून तिरका होतो. जॅक दबतोय असं दिसलं की उलटा फिरवून गाडी खाली घ्यायची, दुसरा विचार करायचा नाही. त्या काकांनी केलं तेच बरोबर. चालण्याच्या वेगानं बसलेल्या चाकावर गाडी कडक जागेपर्यंत न्यायची. टायर कापला जाईल, जाऊ द्या. नवीन मिळतो.

दुसरी गोष्ट, नट गाडी उचलायच्या आधी सैल करायचे. काढायचे नाहीत, फक्त अर्धा फेरा ढिले. तेव्हा चाक जमिनीवर दाबलेलं असतं, फिरू शकत नाही. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या दोन चाकांनाच धरतो. तुमचं पुढचं चाक उचललेलं, आणि बहुतेक गाडी न्यूट्रलला असणार, म्हणून ते मोकळं फिरलं. पहिला गिअर टाकून ठेवायचा. ऑटोमॅटिक असेल तर पी वर. आणि तिरप्या कोनातल्या चाकाला पुढून-मागून दगडाची उटी द्यायची, म्हणजे चाक सरकू नये म्हणून दगड अडकवायचा. पुढचं डावं काढायचंय तर मागच्या उजव्याला. जॅकवर उचललेल्या गाडीला हिसका देणं हेच तुमच्या अपघाताचं खरं कारण. वर गेलेल्या गाडीवर ताकद लावायचं एकही काम शिल्लक राहता कामा नये.

जॅकची जागा. पुढच्या चाकाच्या थोडं मागं, मागच्या चाकाच्या थोडं पुढं, दाराखालच्या पत्र्याची जी उभी धार असते तिला बोटानं चाचपा. तिथं दोन खाचा लागतील. त्या दोन खाचांच्या मधल्या धारेवर जॅकच्या डोक्यातली चीर बसली पाहिजे. पहिले चार-पाच फेरे हातानं फिरवा, धार चिरेत बसली का वाकून बघा, आणि जॅक उभा सरळ आहे का ते लांब होऊन बघा. मग दांडी लावा. पंक्चर चाक निघेल एवढंच उचलून भागत नाही, हवा भरलेली स्टेपनी जास्त जागा घेते. तीन-चार बोटं जास्त उचला.

काढलेलं चाक रस्त्यावर भिरकावू नका. ते जॅकशेजारी गाडीच्या धारेखाली आडवं सरकवायचं. स्टेपनी काढून ठेवल्याबरोबर आधी तीच तिथं सरकवा, चाक निघालं की अदलाबदल करा. जॅक घसरलाच तर गाडी चाकावर टेकते, माणसावर नाही. आमच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी हे शिकवलं होतं आणि गाडीखाली हात-पाय-डोकं काही घालायचं नाही हेही. नट खाली घरंगळला तरी काठीनं ओढायचा.

आता 52 किलोचं. ताई, तुमची ताकद पुरेशी आहे, हिशोबच सांगतो. छोट्या गाडीच्या नटाला साधारण 100 न्यूटन मीटरच्या आसपास आवळणी लागते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पाना 25 सेंटिमीटरचा धरला आणि तुम्ही त्याच्या टोकावर उभ्या राहिलात तर साधारण 125 होते. म्हणजे नीट आवळलेला नट तुमच्या वजनानं सुटायलाच पाहिजे. तो सुटत नाही कारण टायरच्या दुकानात हवेच्या गननं टर्रर्र करून आवळतात, तिथं मोजमाप नसतं. पुढच्या वेळी चाक काढलं की दुकानदाराला सांगा, शेवटची आवळणी हातानं करा. सांगायला लाजू नका.

सोडवताना पाना पूर्ण आत बसवा. चाकाकडं तोंड करून उभं राहिलं की दांडी डावीकडं आडवी आली पाहिजे. गाडीला हातानं धरा आणि टोकावर पायानं हळूहळू वजन द्या. उड्या मारू नका, पाना निसटला तर नडगी फुटते. दोन फुटांचा लोखंडी पाइप डिकीत टाका. तो दांडीवर चढवला की ताकद दुप्पट होते. हा पाइप फक्त सोडवायला, आवळायला कधीच नाही.

बसवताना नटाची निमुळती बाजू चाकाकडं. सगळे आधी बोटांनी फिरवा, आटे नीट धरले पाहिजेत. मग समोरासमोर, फुलीसारखे आवळा, शेजारशेजारचे नाही. गाडी खाली घेऊन शेवटची आवळणी. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका, त्यानं आवळणी भलतीच वाढते. आणि पन्नास-एक किलोमीटर झाले की पुन्हा एकदा पाना लावून बघा.

मॅडमना गाडीत बसवायला नको होतं हे तुम्हाला कळलंच आहे, त्यावर जास्त बोलत नाही.

---

समृद्धीवरून_जालना

एसटीवाल्या काकांनी सगळं सांगितलंय, मी फक्त रस्त्याचं सांगते. समृद्धीवर किंवा धुळे-सोलापूर महामार्गावर वाहतुकीच्या बाजूचं चाक बसलं, म्हणजे आपली पाठ चालू लेनकडं येणार असेल, तर मी चाक बदलतच नाही. चारही इंडिकेटर चालू करते, सगळ्यांना डाव्या दारानं उतरवते, लोखंडी कठड्याच्या पलीकडं उभं करते आणि फोन लावते. राष्ट्रीय महामार्गावर 1033, आणि कुठंही अडचण वाटली तर 112.

लाल त्रिकोण गाडीला चिकटवून ठेवून उपयोग नसतो. निदान 50 मीटर मागं, म्हणजे मोठी सत्तर पावलं. चालत जाताना तो स्वतःच्या छातीसमोर धरायचा, येणाऱ्याला दिसेल असा. आपल्याकडं दगड मांडायची आणि झाडाची फांदी टाकायची पद्धत आहे. हात जोडून सांगते, दगड मांडू नका. गाडी निघून जाते, दगड तिथंच राहतात आणि रात्री मोटारसायकलवाला त्यावर जातो. उसाच्या दिवसांत तर ट्रॉल्यांच्या गर्दीत ते कुणालाच दिसत नाहीत.

आणि नवीन गाडी घेणाऱ्यांनी डिकी उघडून बघावी. 2020 मध्ये नियम बदलला, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट दिलं असेल तर कंपनीनं स्टेपनी द्यायलाच हवी असं राहिलं नाही. माझ्या गाडीत स्टेपनी नाही. एक बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर आहे. खिळ्याचं भोक बुजतं, टायरची बाजू फाटली तर त्याचा काही उपयोग नाही. त्या बाटलीवर मुदत छापलेली असते, तीही बघा.

---

गोदाकाठ_परभणी

फळीचं मोजमाप लिहून ठेवा: एक फूट बाय एक फूट, जाडी इंचापेक्षा कमी नको. मी जुन्या बैलगाडीच्या बाभळीच्या फळीतून कापून घेतली, सहा वर्षं झाली, चिरलेली नाही. फरशीचा तुकडा ठेवू नका, दाबाखाली तडकतो.

ज्यांच्याकडं एर्टिगा किंवा इनोव्हा आहे त्यांनी एक करा. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली असते आणि आतून बोल्ट फिरवून साखळीनं खाली येते. आमच्या चिखलात तो बोल्ट गंजून बसतो. पावसाळ्याआधी एकदा खाली उतरवून, धुऊन परत चढवा.

---

केजरोड_शिक्षिका

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी अंगणात, फरशीवर, सगळं क्रमानं करून बघितलं. काकांचा मजकूर वहीत उतरवून शेजारी ठेवला होता.

स्टेपनीची हवा मोजली तर 14 पीएसआय! चालकाच्या दाराच्या चौकटीवर 33 लिहिलंय. म्हणजे मंगळवारी मी जवळजवळ रिकाम्या चाकावर घरी आले. खाचा सापडल्या, पण जिथं मी त्या दिवशी जॅक लावला होता तिथली धार आत दुमडली आहे, खाचांपासून वीतभर पुढं. जॅकची दांडीही किंचित वाकली आहे. तो जॅक आता वापरायचा नाही असं ठरवलंय.

पहिला नट पाइपशिवाय हलला नाही. पाइप चढवला, गाडीला धरलं, पाय दिला. काही सेकंद काहीच झालं नाही, मग "कट्" असा कोरडा आवाज आला आणि दांडी बोटभर खाली गेली. चारही नट मीच सोडवले. सातवीतली मुलगी शेजारी उभी होती, चौथा तिनं सोडवला म्हटलं तरी चालेल, शेवटचा जोर तिचा होता. नवीन चाक बसवून खाली उतरेपर्यंत 41 मिनिटं लागली.

एकच शंका. नट काढल्यावरही चाक निघत नव्हतं, मधल्या भागाला चिकटल्यासारखं होतं. टायरवर टाच मारून काढलं. जॅकवर असताना हे बरोबर का?

---

एसटीवाला_लातूर

शाब्बास ताई. लेकीलाही सांगा.

ते गंजानं धरलेलं असतं. जॅकवर असताना टाच मारू नका, तोच हिसका झाला. त्यापेक्षा नट परत बोटांनी लावा, एक-दोन आटे ढिले ठेवा, गाडी खाली घ्या आणि जागेवरच वीतभर पुढं-मागं करा. चाक आपोआप सुटतं. मग परत उटी देऊन उचला. बसवायच्या आधी मधल्या गोल भागावरचा गंज ब्रशनं खरवडून, कोरड्या फडक्यानं पुसून घ्या.

वाकलेला जॅक बदलताना तुमच्याच मॉडेलचा घ्या, डोक्यातली चीर धारेला जुळली पाहिजे. आणि वाकलेली धार पत्र्याचं काम करणाऱ्याकडून पावसाच्या आत सरळ करून रंग मारून घ्या, तिथं पाणी धरतं. स्टेपनीत नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त ठेवा, आणि पेट्रोल भरताना महिन्यातून एकदा पाचव्या चाकाचीही हवा बघायला सांगा. रविवारपासून पन्नास किलोमीटर झाले असतील, आज शाळेतून आल्यावर नट तपासा.