मदत हवी आहे : ठोकळे मोठे घ्यावे की बारके? घरात एक सहा वर्षांची, एक सव्वादोनचा

नमस्कार मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडं. तान्ह्या पोळ्याला लेकीला बोजाऱ्याचे पैसे मिळाले, त्यात माझे घालून दीड हजार जमलेत. तिला जोडायचे ठोकळे पाहिजेत, तेही बारकेच, मैत्रिणीकडं पाहिले तसे.

अडचण लहान्याची आहे. दिसेल ते तोंडात घालतो, नाहीतर नाकात. मागच्या महिन्यात मी तुरी निवडत होते, यानं एक दाणा नाकात घातला. रात्री साडेनऊला मोटारसायकलवरून तालुक्याला नेलं. तोवर दाणा ओला होऊन फुगला होता. डॉक्टरांनी चिमट्यानं काढला, पण माझा जीव अजून थाऱ्यावर नाही.

बाजारातून दीडशेची एक पिशवी आणून पाहिली. लाल ठोकळ्यात पिवळा बसला की दातानं ओढावा लागते, निळा तर धरतच नाही. दुकानदार बदलून देईना. ऑनलाइन मागवलं तर पार्सल तालुक्यालाच येते, परत करायला गेलं की निंदणाची मजुरी बुडते. म्हणून आधीच विचारते : मोठे घेतले तर पोरगी कंटाळेल का? पुढं बारके आणले तर हे वाया जातील का?

प्रतिसाद १
ताई, सध्या मोठेच घ्या. लेगो कंपनीचे ड्युप्लो नावाचे मोठे ठोकळे 1969 पासून आहेत, डब्यावर दीड वर्षापासून असं वय असते. लांबी, रुंदी, उंची तिन्ही बारक्या लेगोच्या दुप्पट, म्हणजे एका मोठ्याच्या जागेत आठ बारके. आणि वाया जात नाहीत, लेगोचे बारके ठोकळे ड्युप्लोवर बसतात. मात्र दुसऱ्या कंपनीचे बसतीलच असं नाही, बाजारातल्या पिशवीवर तर भरवसाच नको. साध्या लेगोचा सगळ्यात लहान ठोकळा 8 मिमीचा, हरभऱ्याएवढा. तो तुमच्या घरात नकोच.

सहा वर्षांची कंटाळेल थोडी, खोटं कशाला सांगू. तिला गोठा कर, बैलबंडी कर असं काम द्या, लहाना माल पुरवेल.

प्रतिसाद २
आयएसआयचा शिक्का पाहूनच घ्या, 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे. तीन वर्षांखालच्यांसाठी तपासणीत सव्वा इंच व्यासाची नळी वापरतात. दाबल्याशिवाय तुकडा तिच्यात पूर्ण मावला की तो धोक्याचा. घरी 40 एमएमच्या पाइपाचा सव्वादोन इंच तुकडा कापा. आतून तो थोडा जास्तच रुंद असते, म्हणजे चूक झाली तरी काळजीच्या बाजूनं होईल.

मूळ प्रश्नकर्ती
धन्यवाद भाऊ, ताई. विहिरीवर पाइपाचा तुकडा पडलेलाच होता, यांनी कापून दिला. दीडशेच्या पिशवीतले ठोकळे सगळे त्यात मावले, एक लांब पट्टी सोडून. मग लेकीनं आपल्या लाकडी नंदीचं सुटलेलं चाक आणून टाकलं. तेही खाली पडलं! ते चाक आठ दिवस ओसरीवर लोळत होतं, कोणाचंच ध्यान नव्हतं. आता खिळ्याला टांगून ठेवलं आहे, आणि मोठ्या ठोकळ्यांची ऑर्डर टाकली.