तेलकट त्वचेवर मायक्रोब्लेडिंग टिकतं का?

मैत्रिणींनो, मदत हवी आहे. भुवयांचं मायक्रोब्लेडिंग (ब्लेडने त्वचेत रंग भरून केसांसारख्या रेघा काढतात ते) पहिल्यांदाच करून घ्यायचा विचार आहे. वर्षानुवर्षं थ्रेडिंग करून टोकाकडचे केस विरळ झालेत, डाव्या भुवईला तर टोक उरलंच नाही. एरंडेल तेल लावून झालं, फरक शून्य. पेन्सिल लावली तर ठाण्याहून दादरला उतरेपर्यंत लोकलच्या घामात पुसली जाते. थायरॉइड तपासलंय, नॉर्मल आहे.

अडचण अशी की माझी त्वचा चांगलीच तेलकट आहे, दुपारपर्यंत कपाळ चकाकतं. अशा त्वचेवर ब्लेडने काढलेल्या बारीक रेघा काही महिन्यांत पसरून धुरकट होतात असं वाचलंय, आणि मशीनने ठिपके भरून करतात ते पावडर ब्राउज जास्त टिकतात म्हणे. पार्लरवाली ताई मात्र म्हणते, दोन्ही सारखंच. इन्स्टावरचे फोटो बहुतेक त्याच दिवशीचे. खपली पडल्यानंतरचे कोणी दाखवतच नाही!

चेहऱ्याला लावते ते रेटिनॉल क्रीम बंद करायची तयारी आहे, पॅच टेस्टही मागून घेणार. रक्त पातळ करणारी गोळी नाही, मधुमेह नाही, केलॉइड (जखमेचा वाढत जाणारा फुगीर व्रण) कधी झालेलं नाही. डिसेंबरअखेर भावाचं लग्न आहे. टच-अप (रंग पुन्हा भरायचं दुसरं सिटिंग) सहा-आठ आठवड्यांनी लागतो, आणि हळदीला भुवयांवर खपल्या नकोत.

तेलकट त्वचेवर करून ज्यांना वर्ष झालंय त्यांनीच सांगा: रेघा अजून सुट्या दिसतात का, की सरळ पावडर ब्राउजच करू? आणि पहिलं सिटिंग लग्नाच्या किती आधी घेऊ?